जांभ्याखालच्या मातीचा कॅटॅलिस्टला आधार होईल का?

रत्नागिरीत एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. डिझेलमधलं सल्फर काढणारे कोबाल्ट-मॉलिब्डेनमचे कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) आजही गॅमा ॲल्युमिनावरच, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सच्छिद्र ऑक्साइडवरच, का बसवतात? क्ले, हायड्रोटाल्साइट अशा थरांच्या पदार्थांवर इतके शोधनिबंध निघतात, मग ते रिफायनरीत का दिसत नाहीत? आणि आमच्याकडे विहीर खणताना जांभ्याखाली पांढरट-पिवळी चिकट माती लागते, तिच्यापासून असा आधार तयार करता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचं प्रोजेक्ट त्यावर अडलेलं दिसतं. हायड्रोट्रीटिंगच्या, म्हणजे हायड्रोजनने तेलातलं सल्फर काढण्याच्या, कॅटॅलिस्टला आधार म्हणून ती माती चालणार नाही. क्रॅकिंगच्या, म्हणजे जड तेलाचे रेणू फोडण्याच्या, कॅटॅलिस्टमध्ये मात्र तिच्या जातीची माती रोज टनांनी वापरली जाते, आणि तुमच्या मातीतलं लोह कमी करता आलं तर त्या वाटेने काम करण्यासारखं आहे. असं का, ते जरा सविस्तर सांगतो. माझी नोकरीची बरीच वर्षं मुंबईत माहुलला डिझेल हायड्रोट्रीटिंगच्या युनिटवर गेली आणि त्यानंतरची लोटे परशुरामला कॅटॅलिस्टच्या कांड्या पाडण्यात, त्यामुळे या आधाराकडे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही ज्याला आधार देऊ पाहता, तो मॉलिब्डेनम सल्फाइड स्वतःच थरांचा पदार्थ आहे. सल्फर, मॉलिब्डेनम, सल्फर असा एक थर, जाडी सुमारे ०.६ नॅनोमीटर. असे थर एकमेकांवर सैल रचलेले असतात. चालू कॅटॅलिस्टमध्ये एका चवडीत एक ते तीन-चार थर आणि लांबी दोन ते चार नॅनोमीटर, एवढाच जीव असतो. पत्रावळींच्या चवडीत काड्यांची टोकं जशी फक्त कडेला बाहेर आलेली असतात, तसं इथे काम करणाऱ्या जागा फक्त कडेला असतात. सपाट पाठ जवळपास निष्क्रिय. कोबाल्ट येऊन बसतो तोही या कडेवर. हे १९८० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये हेन्रिक टॉप्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉसबॉअर स्पेक्ट्रोस्कोपीने दाखवून दिलं. म्हणून आधाराचं खरं काम कोणतं, तर या चिमुकल्या चवडी एकमेकींत मिसळून मोठ्या होऊ न देणं, त्यांच्या कडा मोकळ्या ठेवणं, आणि डिझेलचे रेणू त्या कडेपर्यंत पोचतील अशी वाट देणं. आधार थरांचा आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता तुमच्या मातीचा हिशेब करू. नेहमीच्या कॅटॅलिस्टमध्ये वजनाच्या साधारण १५ टक्के मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड असतं; त्याचंच पुढे सल्फाइड करतात. एका ग्रॅम कॅटॅलिस्टचं पृष्ठफळ २०० चौरस मीटर धरलं तर प्रत्येक चौरस नॅनोमीटरवर तीनच्या आसपास मॉलिब्डेनमचे अणू येतात. पाचच्या पुढे गेलं की थर पुरा भरतो आणि ऑक्साइडचे स्वतंत्र स्फटिक दिसू लागतात. जांभ्याखालची माती ही बहुतांशी केओलिनाइट. तिचं पृष्ठफळ ग्रॅमला १० ते २० चौरस मीटर. १५ चौरस मीटर धरून तेवढंच मॉलिब्डेनम चढवलं तर एका चौरस नॅनोमीटरवर चाळीसच्या वर अणू येतात. ते पसरणार कुठे? स्फटिकांचे ढीग होतात, सल्फाइड केल्यावर ढिगांची पाठ वाढते, कड वाढत नाही. एक्स-रेमध्ये मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडच्या टोकदार रेषा दिसल्या की तिथेच थांबायचं, रिॲक्टर तापवायचीही गरज नाही.

मग फुगणारी माती घेतली तर? म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. हा प्रश्न कोकणातल्या माणसाने विचारावा असाच आहे, कारण एकाच बेसाल्टच्या दोन माती घाटाच्या दोन बाजूंना आहेत. घाटावर पाऊस बेताचा, निचरा मंद. तिथे काळी माती झाली, मॉन्टमोरिलोनाइटची, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. घाटाखाली वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस, त्यात कडक उन्हाळा. पाण्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम तर नेलंच, सिलिकाही धुऊन नेली. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम: वर जांभा, काही सड्यांवर बॉक्साइट, खाली केओलिनाइट. दापोली-मंडणगडकडे आणि श्रीवर्धन-रोह्याच्या पट्ट्यात बॉक्साइट मिळतं ते यामुळेच. तेव्हा फुगणारी माती हवी असेल तर घाट चढावा लागेल. तुमच्या विहिरीत ती नाही.

आणि ती आणली तरी पुढची अडचण आहे. मॉन्टमोरिलोनाइटच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचे मोठे धनभारित आयन, तेरा ॲल्युमिनियम अणूंचे केगिन आयन, घुसवून ती भाजली की थरांमध्ये ऑक्साइडचे खांब उभे राहतात. तिलाच पिलर्ड क्ले म्हणतात. १९७० च्या दशकात तेलाच्या किमती भडकल्यावर जड तेल फोडण्यासाठी या मातीवर जगभर फार काम झालं. थरांमधलं अंतर सुमारे ०.९६ वरून १.८ नॅनोमीटरवर जातं, पृष्ठफळ ग्रॅमला २०० ते ४०० चौरस मीटर होतं. कागदावर सुंदर. पण १.८ मधून मातीच्या स्वतःच्या थराची जाडी वजा करा. मोकळी फट राहते ०.८ नॅनोमीटरच्या जरा वर. त्यात ०.६ नॅनोमीटरचा मॉलिब्डेनम सल्फाइडचा थर बसवा. आता डायबेंझोथायोफीनचा, म्हणजे डिझेलमधल्या सल्फरवाल्या संयुगाचा, रेणू जाणार कुठून? म्हणजे थरांमधली ती सगळी जागा, जिच्यामुळे पृष्ठफळ एवढं दिसतं, हायड्रोट्रीटिंगच्या कामाची नाही. सल्फाइड मातीच्या बाहेरच्या अंगावरच बसतं. नायट्रोजन शोषून मोजलेल्या पृष्ठफळावर भुलू नका, असं मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. नायट्रोजनचा रेणू लहान आहे, तो कुठेही शिरतो. तुमचा रेणू कोण आहे, ते आधी बघा. डिझेलसाठी सात ते दहा नॅनोमीटरची छिद्रं लागतात, रेसिड्यूसाठी, म्हणजे तळाला उरणाऱ्या जड तेलासाठी, त्याहून मोठी.

क्रॅकिंगमध्ये पिलर्ड क्लेचा पराभव वेगळ्या कारणाने झाला. तिथे कॅटॅलिस्टवर साचलेला कोक, म्हणजे कार्बन, रीजनरेटर नावाच्या भांड्यात ७०० अंशांच्या आसपास जाळतात, आणि तिथे वाफ असते. त्या वाफेत खांब ढासळतात, थर एकमेकांवर बसतात. झिओलाइट वाय हा बारीक छिद्रांचा ॲल्युमिनो-सिलिकेट त्या जागी टिकतो. सामना तिथेच संपला.

हायड्रोटाल्साइटचं प्रकरण जास्त रसाचं आहे, आणि त्यावर मला मनापासून लिहावंसं वाटतं. हा मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा थरांचा हायड्रॉक्साइड. मातीच्या थरांवर ऋणभार असतो, याच्या थरांवर धनभार. त्यामुळे मध्ये कार्बोनेटसारखे ऋण आयन आणि पाणी बसतं. थरांचं अंतर ०.७७ नॅनोमीटरच्या आसपास. ४५० ते ५०० अंशांवर भाजलं की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, थर मोडतात आणि मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा मिश्र ऑक्साइड उरतो. पृष्ठफळ ग्रॅमला २०० चौरस मीटरपर्यंत जातं, छिद्रं मोकळी असतात आणि स्वभाव अल्कधर्मी असतो. या शेवटच्या गुणाला किंमत आहे. क्रॅकिंगमधून आलेल्या पेट्रोलमधलं सल्फर काढताना त्यातली ओलेफिनं (दुहेरी बंधाचे हायड्रोकार्बन) हायड्रोजनने भरली जाण्यापासून वाचवावी लागतात, नाहीतर ऑक्टेन घसरतो. आम्लधर्मी ॲल्युमिनापेक्षा अल्कधर्मी आधारावर सल्फर निघतं पण ओलेफिनं तुलनेने कमी भरली जातात, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा हायड्रोटाल्साइटवरचे शोधनिबंध पोकळ नाहीत. त्यांच्यामागे खरी गरज आहे.

पण हाच पदार्थ कोकणात जुलै महिन्यात हाताळून बघा. भाजलेली पूड भट्टीतून काढलीत, एक्स-रे घेतला, ४३ आणि ६२ अंशांजवळ मॅग्नेशियम ऑक्साइडच्या रुंद रेषा आल्या, ११.६ अंशांजवळची थरांची रेषा गेली. छान. ती बशी तशीच टेबलावर ठेवून घरी जा आणि काही दिवसांनी पुन्हा एक्स-रे घ्या. ११.६ ची रेषा परत उगवलेली असते. पूड जड झालेली असते, हाताला दमट लागते. हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन तिने आपले थर पुन्हा बांधलेले असतात. याला मेमरी इफेक्ट म्हणतात. शोधनिबंधात तो गुण म्हणून येतो. कारखान्यात मात्र तो डोकेदुखी आहे. थर परत बांधताना कण फुगतात, आणि पाडलेल्या कांडीला आतून तडे जातात. म्हणून भाजलेला माल गरम असतानाच बंद डब्यात, सिलिका जेल घालून ठेवायचा, आणि वजन करण्याआधी पुन्हा ४०० अंशांवर कोरडा करायचा. तुमच्या प्रयोगशाळेत दमटपणा मोजत नसाल तर या पदार्थाचे आकडे दोन आठवडे एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि दोष कशाचा हे कळणारही नाही.

दुसरी अडचण मॉलिब्डेनम चढवताना येते. अमोनियम हेप्टामॉलिब्डेटचं द्रावण थोडं आम्लधर्मी असतं. ते या अल्कधर्मी ऑक्साइडवर ओतलं की पृष्ठभागाजवळचा मॅग्नेशियम विरघळतो, पाण्याने थर परत बांधायला घेतात, आणि मॉलिब्डेट थरांच्या आत अडकून बसतं. छिद्रांची रचना बिघडते, कांडी पिचते. पाण्याऐवजी मिथेनॉलसारखं द्रावक घेऊन हे टाळता येतं. संशोधकांनी ते केलंही आहे. पण टनावारी मालासाठी मिथेनॉलची वाफ गोळा करायची, आगीचा धोका सांभाळायचा, त्याची परवानगी घ्यायची, यात आधाराने दिलेला फायदा खर्ची पडतो.

तरीही हायड्रोटाल्साइट रिफायनरीत पोचलं आहे, फक्त तुम्ही शोधत होता त्या दारातून नाही. क्रॅकिंगच्या युनिटमध्ये कोकबरोबर सल्फरही जळतं आणि धुराड्यातून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. तो कमी करायला कॅटॅलिस्टमध्ये थोड्या प्रमाणात एक ॲडिटिव्ह मिसळतात. ते हायड्रोटाल्साइटपासून केलेल्या मिश्र ऑक्साइडचं असतं, त्यात सेरियम आणि व्हॅनेडियम घातलेलं. रीजनरेटरमध्ये सेरियम सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड करतो, मॅग्नेशियम तो सल्फेट म्हणून धरून ठेवतो. मग ते कण कॅटॅलिस्टबरोबर फिरत रायझरमध्ये, म्हणजे जिथे तेल फुटतं त्या उभ्या नळीत, जातात. तिथे हायड्रोजन आणि हायड्रोकार्बन असल्याने सल्फेट मोडतं, सल्फर हायड्रोजन सल्फाइड होऊन सुटतं आणि पुढे क्लॉस युनिटमध्ये जाऊन पिवळं सल्फर म्हणून हाती येतं. मॅग्नेशियम मोकळा होऊन पुन्हा रीजनरेटरकडे. काही सेकंद-मिनिटांच्या फेऱ्यांत हे अखंड चालू असतं. माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या १९५४-५५ पासूनच्या, आणि आता त्यांच्या कुंपणाला लागून दाट वस्ती आहे. अशा जागी धुराड्यातून काय जातं, हा तिथल्या माणसांच्या छातीचा प्रश्न आहे. म्हणून थरांच्या पदार्थाचा हा उपयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. राजापूरकडे रिफायनरी यावी की नाही या वादात इथे शिरत नाही. पण त्या वादात कोणत्याही बाजूने बोलणाऱ्याने धुराड्याबद्दल विचारताना हे ॲडिटिव्ह वापरणार का, किती, आणि त्याचे आकडे लोकांना दाखवणार का, हे जरूर विचारावं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो: गॅमा ॲल्युमिनाच का? लोक म्हणतात स्वस्त आहे, सवयीचं आहे. तेवढंच नाही. मुळात गॅमा ॲल्युमिना थरांच्याच पदार्थातून जन्माला येतं. बोहमाइट हा ॲल्युमिनियमचा थरांचा ऑक्सिहायड्रॉक्साइड. त्याच्या बारीक पुडीत थोडं नायट्रिक ॲसिड घालून मळलं की कण एकमेकांना चिकटतात, कणीक एक्स्ट्रुडरमधून दाबली की दीड मिलिमीटरच्या तीन किंवा चार पाकळ्यांच्या कांड्या पडतात. ११०-१२० अंशांवर वाळवायच्या, ५०० ते ५५० वर भाजायच्या. थरांमधलं पाणी निघून जातं, छिद्रं उरतात, आणि कांडी इतकी पक्की होते की कित्येक मीटर उंच बेडचं वजन झेलते. म्हणजे थरांचा पदार्थ हा आधार म्हणून टिकत नाही, पण आधार करण्याचा कच्चा माल म्हणून त्याच्याइतकं चांगलं काही नाही. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की या विषयावरचे निम्मे शोधनिबंध कसे वाचायचे ते आपोआप कळतं. लेखकाने थर शेवटपर्यंत जपले आहेत, की थर मोडून त्यातून छिद्रं काढली आहेत, एवढंच आधी बघायचं.

ॲल्युमिनाचा एक खरा दोष आहे. त्याच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजन मॉलिब्डेनमला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे सल्फाइड पुरतं होत नाही आणि कडा कमजोर राहतात. या जागांना टाइप एक म्हणतात. पकड सैल असेल तर चवडी पुऱ्या सल्फाइड होतात, जास्त थरांच्या उभ्या राहतात, आणि प्रत्येक जागेचं काम वाढतं. त्या टाइप दोन. क्ले, कार्बन, टायटेनिया अशा वेगळ्या आधारांवर संशोधन व्हायचं एक मोठं कारण हेच होतं, की पकड सैल हवी. पण कॅटॅलिस्ट करणाऱ्यांनी आधार न बदलता हे साधलं. मॉलिब्डेनम-कोबाल्टच्या द्रावणात सायट्रिक ॲसिडसारखा चिलेटिंग पदार्थ घालायचा, आणि चढवल्यावर माल नुसता वाळवायचा, भाजायचा नाही. धातू त्या पदार्थाच्या मिठीत राहतात, ॲल्युमिनाला चिकटायला उशीर होतो, आणि सल्फाइड होताना टाइप दोनच्या जागा तयार होतात. ज्या फायद्यासाठी नवा आधार आणायचा तो जुन्याच आधारावर मिळाला, तर रिफायनरी नवा आधार का घेईल?

यामागे गरज किती होती तेही सांगतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस-सहाचं इंधन आलं. डिझेलमधलं सल्फर ५० वरून १० पीपीएमवर. आकडा लहान वाटतो. साधा पहिल्या दर्जाचा वेग धरून १०,००० पीपीएमचं फीड ५० वर आणायला ५.३ एवढं काम लागतं असं म्हटलं, तर १० वर आणायला ६.९ लागतं, म्हणजे तीस टक्के जास्त. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त, कारण शेवटी उरतात ते हट्टी रेणू. ४,६-डायमिथाइल डायबेंझोथायोफीनमध्ये सल्फरच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट पहारा देत उभे असतात, सल्फरला कडेपर्यंत पोचू देत नाहीत. आधी एका बाजूचं कार्बनचं कडं (रिंग) हायड्रोजनने भरून रेणू वाकवावा लागतो, मग सल्फर निघतं. म्हणून तुमच्या शोधनिबंधांमध्ये थायोफीनवर केलेली चाचणी असेल तर तिच्यावरून डिझेलबद्दल काहीही ठरवू नका. थायोफीन कुठल्याही बऱ्यापैकी कॅटॅलिस्टवर जातं.

प्रोजेक्ट करणारच असाल तर तुलना नीट करा. तुमच्या आधाराशेजारी बाजारात मिळणारा गॅमा ॲल्युमिना ठेवा, धातू वजनाच्या टक्क्यांत सारखे न ठेवता चौरस नॅनोमीटरमागे सारखे ठेवा. फीडमध्ये ४,६-डायमिथाइल डायबेंझोथायोफीन घ्या आणि थोडं क्विनोलिनही घाला, कारण खऱ्या डिझेलमधले नायट्रोजनचे रेणू त्याच कडांवर हक्क सांगतात आणि पहिल्या दिवशी हुशार दिसणारे बरेच कॅटॅलिस्ट त्यांच्यासमोर गप्प होतात. निदान दोन दिवस सलग चालवा, पहिल्या काही तासांचे आकडे निकाल म्हणून देऊ नका. ऑक्साइड अवस्थेतला कॅटॅलिस्ट सल्फाइड करण्याआधी गरम हायड्रोजनमध्ये धरू नका. मॉलिब्डेनम आधीच रिड्यूस झालं की मग ते नीट सल्फाइड होत नाही. आणि हायड्रोजन सल्फाइडचा डिटेक्टर नसलेल्या प्रयोगशाळेत हे काम करायचंच नाही. जास्त प्रमाणात त्या वायूचा वास येणं बंद होतं; वास गेला म्हणजे धोका गेला असं समजणं प्राणावर बेततं. मार्गदर्शक नाराज झाले तरी चालतील.

कुणी उंडीच्या तेलावर काम करायचं सुचवलं आहे असंही तुम्ही लिहिलंत. वनस्पती तेल हायड्रोजनने डिझेलमध्ये बदलताना सल्फर नाही, ऑक्सिजन काढायचा असतो, आणि तो काढताना पाणी भरपूर होतं. गरम पाण्यात गॅमा ॲल्युमिना हळूहळू परत बोहमाइटकडे जाऊ लागतं, तेव्हा इथे दुसऱ्या आधाराला जागा आहे हे खरं. पण हायड्रोटाल्साइटचा मिश्र ऑक्साइड घ्यायच्या आधी तेलाचा आम्लांक काढा. उंडीच्या तेलात मोकळी फॅटी ॲसिडं खूप असतात. ती मॅग्नेशियमबरोबर साबण करतात आणि आधार विरघळत जातो. तेल आधी शुद्ध करून आम्लांक खाली आणलात तरच ती तुलना अर्थाची होईल.

आता तुमच्या मातीची खरी वाट. कॅटॅलिस्टच्या इतिहासात माती नवी नाही. १९३० च्या दशकात युजीन हूड्री यांनी जड तेल फोडायची पहिली यशस्वी पद्धत उभी केली, ती ॲसिडने धुतलेल्या बेंटोनाइट मातीवर. नंतर कृत्रिम सिलिका-ॲल्युमिना आलं, १९६० च्या दशकात झिओलाइट आला. पण माती गेली नाही. आजच्या क्रॅकिंग कॅटॅलिस्टचा ६०-८० मायक्रॉनचा गोल कण बघितलात तर त्यात झिओलाइट वाय असतो, बाइंडर असतो, आणि बाकी बराचसा भाग केओलिन असतं. ते उष्णता वाहून नेतं, कणाला वजन आणि मजबुती देतं. एक पद्धत तर अशी आहे की भाजलेल्या केओलिनच्या गोळ्यांना सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून त्यांच्या आतच झिओलाइट वाढवतात. तुमच्या मातीला इथे संधी आहे.

अट एकच, आणि ती कठीण आहे: लोह आणि सोडियम. लोह कणाच्या पृष्ठभागावर येऊन हायड्रोजन आणि कोक वाढवतं, सोडियम झिओलाइट मारतो. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी माती धुवायला वापरू नका. खारं लागत नसलं तरी त्यात सोडियम-क्लोराइड असतंच. डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या. मातीही विहिरीच्या अगदी खालच्या पांढऱ्या थरातली घ्या, लालसर शिरा असलेली ढेकळं हाताने बाजूला काढा. पावसाआधी काढून उन्हात वाळवा, फोडा, बादलीत पाण्यात कालवून थोडं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घाला आणि ढवळून ठेवा. ३० अंशांच्या पाण्यात दोन मायक्रॉनपेक्षा मोठे कण दहा सेंटीमीटर खाली जायला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळाने वरचं दहा सेंटीमीटर गढूळ पाणी सायफनने काढून घ्या. त्यात तुमचं केओलिनाइट आहे. खाली बसलेल्यात वाळू आणि जांभ्याचे कण असतात, ते टाकून द्या. काढलेला भाग डायथायोनाइट-सायट्रेट-बायकार्बोनेटच्या द्रावणात गरम करून धुवा. कणांवरचं गंजासारखं लोह त्यात निघतं आणि डोळ्यांसमोर पिवळी पूड पांढरी पडत जाते. शेवटी हेक्सामेटाफॉस्फेट आणि या धुण्यातून आलेला सोडियम काढायला अमोनियम क्लोराइडने आणि मग डीएम पाण्याने धुवा, चांदीच्या नायट्रेटला क्लोराइडचा ढगाळपणा दिसेनासा होईपर्यंत.

धुतल्यावर एक चिमूटभर माती क्रुसिबलमध्ये ९०० अंशांवर तासभर भाजा. पांढरी किंवा किंचित दुधी राहिली तर एक्सआरएफला, म्हणजे एक्स-रेने मूलद्रव्यं मोजणाऱ्या चाचणीला, पाठवा. लोहाचं ऑक्साइड एक टक्क्याच्या खाली आलं असेल तर मेटाकेओलिन (भाजलेलं केओलिन) करून पुढे जायला हरकत नाही. भाजल्यावर गुलाबी किंवा विटकरी झाली, तर उरलेलं लोह स्फटिकाच्या आत ॲल्युमिनियमच्या जागी बसलेलं आहे आणि कितीही धुतलंत तरी निघणार नाही. अशा मातीवर क्रॅकिंगचा वेळ घालवू नका. तिच्यापासून झिओलाइट ए करा. पाण्यातला कॅल्शियम ओढून घ्यायला थोडं लोह आड येत नाही, आणि तेवढ्या कामातूनही एम.एस्सी.चं चांगलं प्रोजेक्ट उभं राहतं. एक्सआरएफचे आकडे आले की सिलिका, ॲल्युमिना, लोह, टायटेनियम आणि सोडियम हे पाचही कळवा, म्हणजे कॉस्टिक किती आणि किती अंशांवर ते सांगता येईल.